'व्हय' म्हणायला एक माणूस

दाजीकाका लिफ्टमध्ये शिरले की बटण दाबत नसत. आधी चपला काढत, हात जोडत आणि खड्या आवाजात सुरू करत, "हे बा लिफ्टीच्या म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पोटात शिरलाहा. तेका सुखरूप चौथ्या माळ्यार पोचव. मधीच खंय लटकत ठेवू नको रे म्हाराजा!" मग ते माझ्याकडे बघत उभे राहत. मी "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत लिफ्ट जागची हलत नसे.

हे सगळं मेलबर्नमध्ये चाले. मी कणकवलीचा, कंपनीने दोन वर्षांसाठी तिकडे धाडलेला. दाजीकाका तिकडच्याच रेडी गावचे. ते माझ्या वरच्या मजल्यावर मुलाकडे, मिलिंदकडे, नात सांभाळायला आले होते. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे आले ते एकटेच.

ज्यांना आमच्या सिंधुदुर्गाची हवा लागलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवाशी माणूस मनातल्या मनात बोलत नाही. गाऱ्हाणं घालतो. एकाने मोठ्याने मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याच्या मागे उभं राहायचं. दाजीकाकांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान. सबंध गावाचं सुखदुःख देवाच्या कानावर घालणारा हा माणूस मेलबर्नला येऊन वॉशिंग मशीनला गाऱ्हाणी घालत होता.

"बाबा, मशीनला कसलं गाऱ्हाणं?" मिलिंद वैतागायचा.

"मेल्या, तेच्या पोटात माझो नवो लेंगो आसा," दाजीकाका सांगायचे.

मिलिंद आणि त्याची बायको सकाळीच कामाला निघून जात. घरात नात आणि आजोबा. नात झोपली की भिंतींशी बोलायचं. मला एकदा म्हणाले, "अरे झिला, गाऱ्हाण्याक समोरसून व्हय नाय मिळाला तर ती नुसती बडबड. मी दिवसभर बडबडतंय." संध्याकाळी मी परतायच्या सुमारास नातीला खांद्यावर टाकून ते नेमके लिफ्टपाशी का असतात, हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, म्हातारा पाय मोकळे करायला उतरतो.

त्यांची मोठी अडचण म्हणजे मेलबर्नच्या राखणदाराचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो आणि त्याला विचारल्याशिवाय तिथे राहणं बरं नव्हे. "हंय इल्यापासून बिनपरवानगी ऱ्हवतंय," ते हळहळत. शेवटी एका रविवारी त्यांनी नारळाच्या करवंट्यांचे निखारे केले आणि घरभर धूप दाखवला. राखणदार प्रसन्न झाला की नाही ठाऊक नाही, पण धुराने आगीची घंटा वाजली. सबंध इमारत खालच्या हिरवळीवर, कुणी टॉवेलात, कुणी कुत्र्यासकट. मागोमाग लाल बंब घणघणत आला. मिलिंद शरमेने झाडामागे उभा.

दाजीकाकांचा चेहरा मात्र फुलला होता. "इतकी माणसां जत्रेनंतर आजच बघतंय! जमलीच आसत तर एक गाऱ्हाणां घालून घेवया." आणि घातलंसुद्धा. "ह्या जागेच्या म्हाराजा, नाव ठाऊक नाय म्हणून राग धरू नको. काय चुकला माकला आसात तर पदरात घे!" तळमजल्यावरच्या ग्रीक आजीबाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी छातीवर हात ठेवून त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. "बघ," दाजीकाका मला म्हणाले, "म्हातारेक समाजला."

ते दिवाळीला परत जायचे होते. गावची जत्रा त्यानंतर. पण पाळणाघरात जागा मिळेना, मिलिंदच्या बायकोला रजा मिळेना, आणि दाजीकाकांचं तिकीट पुढे गेलं. जत्रा हुकणार होती. ते सुनेला एका शब्दाने बोलले नाहीत. धाकट्या भावाला, गोपाळला, मात्र आपल्या जागी घालायचं गाऱ्हाणं रोज फोनवर पढवायला लागले. "गोप्या, आधी गावरहाटीच्या देवांची नावां, मगे माणसांची. घाई करू नको!"

जत्रेच्या दिवशी मला त्यांनी वर बोलावलं. "व्हय म्हणूक माणूस होयो." रेडीत दुपार होती, आमच्याकडे संध्याकाळचं लख्ख ऊन. फोनच्या पडद्यावर देऊळ, माणसांची दाटी, आणि घामाघूम गोपाळ. दाजीकाका सोवळं नेसून जमिनीवर बसले होते. गोपाळ एखादं नाव विसरला की हे इथून बोट उचलून ते सांगत. मी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होतो, तेही म्हणत होते.

मग गोपाळ म्हणाला, "आणि जी लेकरां घरदार सोडून लांबच्या मुलखात जावन ऱ्हवली आसत, त्यांका सांभाळ. त्यांची पावलां परत ह्या उंबऱ्याक लाव रे म्हाराजा!"

तिकडे गाव गरजलं. इकडे दाजीकाकांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि आमचं दोघांचं 'व्हय' राहूनच गेलं.

"ह्या वाक्य इतकी वर्षां मीच सांगत इलंय," ते हळू म्हणाले. "मुंबैक गेलेल्यांसाठी. फटाफट सांगून मोकळो होय. माका तेव्हा वाटायचा, ती माणसां थंय मजेत आसत."

गोपाळ पुढच्या वाक्याकडे वळला होता. मी फोन जवळ ओढला आणि उशिरानेच म्हणालो, "व्हय म्हाराजा."

"कोण रे तो मागसून?" गोपाळने विचारलं.

दाजीकाकांनी डोळे पुसले आणि मला कोपराने ढोसलं. "मोठ्यान सांग, झिला. थंय गर्दी आसा. आपलो आवाज पोचाक होयो."