सुखदेवकाकांच्या हाताची तहकीकात

आमचे शेजारी सुखदेवकाका चहाचा कप उचलण्याआधी उजव्या हाताला फर्मावत, "हाजिर हो!" मग कप बशीवर टकटकत, हेलकावत ओठांपर्यंत येई. काका त्याच्याकडे असे बघत, जसा साहेब उशिरा आलेल्या शिपायाकडे बघतो.

आदिलाबादजवळच्या मावल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकांची हयात तहसील कचेरीत कारकुनीत गेली. पेन्शन सुरू झाली तरी तोंडातली कचेरी सुटली नाही. हात थरथरू लागला, वर रोज दुपारनंतर दंडापासून बोटांपर्यंत झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा दवाखाना गाठायचं सोडून त्यांनी स्वतःच तहकीकात सुरू केली.

"गुरुजी, दोन मामले हायेत," ते मला म्हणाले. मी शाळामास्तर, म्हणून गुरुजी. "थरथर येगळी, झिणझिण्या येगळ्या. एका फायलीत नाही जमत."

पहिला संशय चहावर. आठाचे दोन कप केले, थरथर जरा उतरली. "चहानं अर्धा गुन्हा कबूल केला!" मग ते दम्याच्या पंपालाच सस्पेंड करायला निघाले. तेव्हा मात्र मी त्यांना रिक्षात घालून आदिलाबादला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. "पंप से हाथ थोड़ा काँपता है, लेकिन बंद मत करना." त्यांनी मान तपासली, कागदावर गोल गोल चकली काढायला लावली. काकांनी गावाच्या शिवेचा नकाशा काढावा तशी ती काढली आणि खाली सही ठोकली. साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सगळे रिपोर्ट चांगले आले.

"सगळे बाइज्जत बरी? गुन्हेगार कोनीच नाही?" काकांचं तोंड उतरलं.

"हाथ दबाके सोते क्या?" बाईंनी विचारलं.

"बिल्कुल नहीं!" काका एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचा पेशंट आत डोकावला.

"दबता होगा तो नस कमजोर होगी. फिर कप भी नहीं उठेगा."

परतताना काका रिक्षात उजवा दंड चोळत राहिले.

रिपोर्ट माझ्याच पिशवीत राहिले होते. रविवारी दुपारी ते द्यायला गेलो. कापसाचे दिवस, रस्त्यावरून गेलेल्या गाडीतले पांढरे पुंजके अंगणात अलगद लोळत होते. दार नुसतं लोटलेलं. आत हिरव्या पडद्यातून उजेड झिरपत होता, सारी खोली तळ्याच्या पाण्याखाली असावी तशी.

सतरंजीवर काकांचे थोरले भाऊ, गुणवंतदादा, झोपले होते. नजर आणि आठवण दोन्ही विझत चालल्या, म्हणून काकांनी त्यांना इंद्रवेल्लीकडच्या गावाहून आणलं होतं. त्यांचं डोकं काकांच्या उजव्या दंडावर. काका शेजारी आडवे, डोळे टक्क उघडे, बोटं पांढरीफटक.

मला बघून ते ओशाळले. हळूच म्हणाले, "बाप गेला तवा मी पाच वर्साचा. यानं लोकायचा कापूस येचून मले शिकोलं. आता झोपेत दचकते, चाचपते. हात सापडला तरच निजते."

"उशी ठेवून पाहा ना."

"ठेवली होती. तर उशीलेच इचारून राह्यला, 'सुक्या, काऊन बोलत नाही?'"

"मग बाईंना खोटं काऊन सांगितलं?"

"खरं सांगतलं असतं तर बंद करा म्हनल्या असत्या."

मी रिपोर्ट कोनाड्यात ठेवले, चपला काढल्या, दादांच्या दुसऱ्या अंगाला आडवा झालो. काकांनी जपून हात काढला, मी माझा सरकवला. ते उंबऱ्यात जाऊन बसले आणि मूठ उघडमीट करू लागले.

दादा कुशीवर वळले. त्यांची खरखरीत बोटं माझ्या मनगटावरून फिरली, थांबली.

"सुक्या, जेवला का?"

मी उंबऱ्याकडे पाहिलं.

"जेवलो दादा," उंबऱ्यातून आवाज आला. "तू झोप."