सूर्यभानचं कोमट पाऊल

एकाहत्तर सालच्या थंडीत देवळाली प्रवऱ्याच्या सूर्यभानच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, म्हणून त्याला नगरच्या इस्पितळात आणलं. पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी आधी त्याच्या खिशातलं विडीचं बंडल खिडकीबाहेर फेकलं. मग मांडीतली शीर काढून ती तुंबलेल्या रक्तवाहिनीच्या बाजूने जोडून दिली.

"पाट तुंबला होता, शेजारून चारी काढलीय," ते म्हणाले. "पाऊल कोमट आहे तोवर रक्त पोचतंय. सारखा हात लावून बघा. आणि विडी ओढलीत, तर पाय कापावा लागेल."

मालनबाईने ते मनावर घेतलं. ती घडीघडीला नवऱ्याच्या पावलाला हात लावी, कोमट लागलं की हात जोडी. गावाहून भेटायला आलेला जो तो खाली वाकून पावलाला हात लावू लागला.

बुधवारी समोरच्या बायकांच्या वॉर्डातली गोजरबाई नारळ घेऊन आली.

"महाराज, गुडघा लई दुखतोय."

"आवं बाई, म्या ऊस लावनारा मानूस!"

"खरं साधू आसंच म्हनत्यात," गोजरबाई म्हणाली आणि तिने पावलावर डोकं टेकवलं.

शुक्रवारी रांग लागली. सूर्यभानचा जीव मात्र विडीसाठी कासावीस झालेला. त्याच्या दोस्ताने, छगनने, पटक्यात लपवून बंडल आणलं. सूर्यभान लंगडत व्हरांड्यात गेला. त्याने पहिली विडी काढली, तोच मागून हात आला.

"परसाद!"

दुसरी काढली, तीही गेली. बघता बघता बंडल संपलं. शेवटची विडी गोजरबाईने पदराच्या गाठीला बांधली. छगन रिकामा कागद हातात घेऊन उभा राहिला.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पाऊल चाचपलं. "छान ऊब आहे! विडी?"

"येक न्हाई," सूर्यभान रडवेला होऊन म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर तो बायकोवर उखडला. "ह्ये बाबाचं खूळ काढलं कुनी?"

मालनबाईने पावलाला हात लावला. कोमट होतं. तिने हात जोडले आणि पांघरूण सारखं केलं.

"म्याच सांगितलं गोजरबाईला. आवं, पाय ऱ्हायला का न्हाई?"

"ऱ्हायला. पर आता घरी गेल्यावं म्या वडनार!"

"वडा की," मालनबाई म्हणाली. "छगनभावजी कालच फुडं गेल्यात. यष्टीच्या थांब्यावं हार घिऊन समदं गाव उभं ऱ्हानार हाय."