ठोके ऐकून घेतलेला कॉम्प्युटर

गोंदियाच्या बाजारात, कॉम्प्युटरच्या दुकानात, चालू हार्ड डिस्कला ॲल्युमिनियमची नळी लावून डोळे मिटून उभी असलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पांढरी साडी, खांद्याला पर्स, आणि हातात ती तुतारीच्या आकाराची नळी, जिनं नर्स गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकते.

दुकानदार म्हणाला, "सिस्टर, ये हार्ड डिस्क है, डिलिव्हरी केस नहीं."

"चूप राहा जी थोडा वेळ," सिस्टरबाई म्हणाल्या. मग मान वर करून, "हे नाही चालत. लय कुरकुरते. दुसरी काढा."

त्यानं दुसरी काढली. सिस्टरबाईंसमोर माणूस वाद घालत नाही.

सिस्टरबाई, आडनाव पटले, आमच्या शेजारच्या. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या थोडं पुढे आमचं गाव. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातची, मीही त्यांतलाच. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर करायचं ठरवलं. विकत घ्यायचं नव्हे, करायचं. कारण तयार मिळणारा प्रत्येक कॉम्प्युटर घूं घूं करायचा, आणि त्यांना बिनआवाजाचा हवा होता, तोही पेन्शनीत बसणारा.

बिनआवाजाचा कशाला, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांची आई, आम्हा सगळ्यांची आजी, पोवार समाजाच्या लग्नातली गाणी गाणारी. हळदीची, तेल चढवायची, नवरी निघतानाची. कोणाच्याही घरी मांडव पडला की आधी आजीला बोलावणं. आता तिचा आवाज इतका उतरला होता की अगदी जवळ बसलं तरच कळायचा. टेपरेकॉर्डर लावून पाहिला, तर आजीपेक्षा खरखरच जास्त आली; म्हणून आता कॉम्प्युटरवर टिपायचं.

"माय तं जाईनच एक दिवस," सिस्टरबाई म्हणाल्या, "पन गाने नाही जाऊ देत मी."

मदतीला मी, कारण मी बीएस्सी. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस, वर कॉम्प्युटरचा कोर्स. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. सिस्टरबाई मला नावानं हाक मारत नसत. "काऊन रे बीएस्सी, आज गोंदियाले जाऊन राहिला का?" म्हणजे पिशवी घेऊन निघायचं.

खरेदीचा त्यांचा कायदा एका ओळीचा होता. डोळ्यासाठी पैसा नाही, कानासाठी आहे. मॉनिटर त्यांनी बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून उचलला; त्यावर सगळ्या जगाला कावीळ झालेली दिसायची. कीबोर्डवरची अक्षरं घासून गेलेली. मी कुरकुरलो तर म्हणाल्या, "मले कुठं कादंबरी लिहाची आहे?" पण साउंड कार्ड कोरं, माइक कोरा, आणि ती हार्ड डिस्क, जिचा आवाज नळीतूनही जेमतेम यायचा. दुकानदार नवा वेगवान प्रोसेसर गळ्यात मारत होता. बाईंनी त्याच्यावरचा पंखा निरखून पाहिला. "याले ताप येते म्हनून एवढा पंखा लावला ना? बिनतापाचा दाखवा." मग एक जुना, सावकाश चालणारा, थंड प्रोसेसर आला, आणि त्याला बसेल असा मदरबोर्ड शोधत आम्ही सारा बाजार पालथा घातला. मी थकलो. त्या नाही.

शेवटी दुकानदार खूश होऊन म्हणाला, "सॉफ्टवेअर सब फ्री में डाल देता हूँ. गेम भी."

"विकतचं असते ना हे? मंग फुकट कसं?"

"सब ऐसेच चलता है, सिस्टर."

"दवाखान्यातली एक गोळी मी कधी घरी नेली नाही. हे चोरीचं कायले नेऊ?"

म्हणून मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. फुकटचं, पण उजळ माथ्यानं वापरायचं. आवाज टिपायचा प्रोग्रॅमही त्यातच होता. फक्त त्याला आमचं कोरं साउंड कार्ड ओळखू येईना. कॉम्प्युटर ठार मुका. "आता कसा शांत झाला," सिस्टरबाई म्हणाल्या. सायबर कॅफेत बसून बसून मी त्याचा इलाज शोधला.

मग यूपीएस. लोडशेडिंगमध्ये छताचा पंखा बंद व्हायचा, घर निवांत व्हायचं, आणि नेमका तेव्हाच यूपीएस कळा आल्यासारखा ओरडायचा. बाईंनी मातीच्या भिंतीला भोक पाडलं, वायरी पलीकडे नेल्या, यूपीएस आणि कॉम्प्युटरचा डबा दुसऱ्या खोलीत टाकला, आणि भोकात जुनं लुगडं कोंबलं.

मी हेडफोन लावला. आधी काहीच नाही. मग आजीचा श्वास. मग अंगणात धान टिपणारी कोंबडी. एवढ्या स्वस्त, विटक्या सामानातून या बाईनं अशी शांतता उभी केली होती, की मला श्वास घ्यायचा संकोच वाटला.

आणि आजी गाईना.

मायलेकी पोवारीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या. मी आपल्या बोलीत सांगतो. "नवरी कुठं आहे?" आजी म्हणाली. "हळद नाही, मांडव नाही. कोनाच्या नावानं गाऊ? अपशकुन करून राहिली काय?" गाण्यात नवरीचं नाव गुंफावं लागतं, बिननावाचं गाणं गात नाहीत. मी म्हटलं, "आजी, माझं नाव घे." आजी म्हणाली, "तुले कोन नेते रे?"

विनवण्या चालू राहिल्या, आणि आजीचा आवाज आणखी बारीक होत गेला.

एका दुपारी वीज गेली आणि त्या स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आल्या. अंगावर पिवळी साडी. सिस्टरबाईंनी लग्न केलं नव्हतं. भावांची शिक्षणं, मग नोकरी, मग दुसऱ्यांची बाळंतपणं. गावात कोणी त्यांना कारण विचारत नसे. त्या आजीसमोर पाटावर बसल्या आणि वाटीतली हळद स्वतःच्या गालांना लावली.

"घे," त्या म्हणाल्या. "माह्या नावानं गा."

आजीनं बोटानं लेकीच्या गालावरची हळद सारखी केली. मग गायला लागली. आवाज दोऱ्यासारखा, पण तुटला नाही. हळदीचं झालं, तेलाचं झालं, मांडवाचं झालं. सिस्टरबाईंचं नाव सुशीला आहे हे मला त्या दुपारी कळलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या, नवरी बसते तशा.

राहिलं ते नवरी निघतानाचं. आजीनं सुरुवात केली, आणि थांबली.

"हे नाही गात."

"काऊन माय?"

"हे गायलं की पोरगी जाते," आजी म्हणाली. "तू नको जाऊ."

एका गाण्यासाठी भिंत फोडणारी बाई. मला वाटलं, आता हट्ट धरतील. त्यांनी आजीचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे न बघताच मला रेकॉर्डिंग बंद करायची खूण केली.

ते गाणं आमच्याकडे नाही.