ऐरावताच्या शेपटीचा बाण

"मागून येणाऱ्यानं हात जोडले पाहिजेत! असला उजेड पाडतो की नाही बघा!"

हितेंद्र परब असं गरजला तेव्हा लालबागची अर्धी चाळ गॅलरीत उभी होती, आणि कुणीही हसलं नाही. पंधरा वर्षांत हसू संपलं होतं. लडाखला जातो म्हणाला, पनवेलपर्यंत गेला. कन्याकुमारीला जातो म्हणाला, पुन्हा पनवेल. एकदा नुसतं पनवेलला जातो म्हणाला, तर चेंबूरला पंक्चर! मोटरसायकल मात्र दूरच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच, वजन लग्नातल्या दोन आचाऱ्यांएवढं. हितेंद्र तिला 'ऐरावत' म्हणायचा. त्याची बायको मेघना 'म्हस' म्हणायची.

गाडीला पंधरा वर्षं झाली. आरटीओची तपासणी लागली. मेघनानं सरळ सांगितलं, "शुक्रवारी पास झाली तर ठेवा. नाही झाली तर शनिवारी भंगारवाला! दारात म्हस बांधायला हा गोठा नाही."

दोष एवढाच होता की मागचा दिवा मिणमिणत होता. बल्ब बदलला असता तर काम दहा मिनिटांचं. पण दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत केलं तर पुरुषाचा अपमान होतो, म्हणून हितेंद्र परळला बुद्धभूषणकडे गेला. बुद्धभूषण त्याचा शाळेपासूनचा मित्र. जयंती असो, गणपती असो, गिरणगावातली रोषणाई त्याच्या हातची.

"बल्ब बदल आणि घरी जा," बुद्धभूषण म्हणाला.

"बल्ब? एलईडी लाव एलईडी! या खोक्यात काय आहे रे?"

खोक्यात लाल धावते बाण होते. हातभर लांब.

"ते मंडळाचे आहेत. दर्शनाच्या रांगेला लावतो, इकडून चला म्हणून."

"मग इंडिकेटर म्हणजे वेगळं काय असतं? एक डावीकडे, एक उजवीकडे. लाव!"

"तपासणीवाला हसेल, हितू."

"हसू दे. आणि चावी न लावता पेटले पाहिजेत. उभी गाडीसुद्धा दिसली पाहिजे!"

"बॅटरी उतरेल. तुझी बॅटरी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे."

"तू लाव रे!"

बुद्धभूषणनं लावले. शहाण्या माणसाला या शहरात हेच काम उरलंय. वेड्याच्या हातात पक्कड द्यायची आणि 'मी सांगितलं होतं' हे वाक्य जपून ठेवायचं.

शुक्रवारी सकाळी आठपासून हितेंद्रनं चाळीला बाण दाखवले. डावा दाखवला, उजवा दाखवला, फोटो काढून घेतले. तपासणीची वेळ तीनची. दीडला निघाला, आणि मसाल्याच्या गल्लीत एक ओळखीचा भेटला म्हणून त्याला दाखवायला थांबला. दाखवून झालं. स्टार्टर दाबला.

खॅक्!

पुन्हा दाबला. या वेळी खॅक्सुद्धा नाही. इंजिन फिरवायचा जीव बॅटरीत उरला नव्हता, पण बाण मात्र टकाटक धावत होते. घरातलं कर्तं माणूस आडवं पडलं तरी आयत्या पाहुण्यांची भूक कमी होत नाही, तसे! आचाऱ्यांएवढी गाडी ढकलून सुरू करणं त्याच्या बापाला जमलं नसतं. त्यानं ती डाव्या अंगाला, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या गंगुबाईंच्या दारासमोर लावली. कुणी मागून धडकू नये म्हणून डावा बाण चालू ठेवला आणि बुद्धभूषणला आणायला परळच्या दिशेनं पळत सुटला.

आता लालबागच्या माणसाला धावता लाल बाण दाखवणं म्हणजे काय, हे हितेंद्रला कळायला हवं होतं. इथली माणसं जन्मभर त्या बाणामागे उभी राहिलीत. महिना मे असो, गणपतीला चार महिने असोत, पाय आधी थांबतात आणि डोकं नंतर विचारतं. हळकुंडांची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. तिच्यामागे एक पेन्शनर. त्याच्यामागे बँकेतले दोघं, जेवणाची सुट्टी टाकून. मग काय!

अडीचला हितेंद्र नवी बॅटरी आणि बुद्धभूषण असे दोन्ही घेऊन आला, तेव्हा रांग नाक्यावरून वळून पुढच्या गल्लीत शिरली होती. बाजूनं दोर लागला होता. मंडळाचा अभय शिट्टी फुंकत होता. कुणी बोलावलं नव्हतं. रांग दिसली की शिट्टी त्याच्या तोंडात आपोआप उगवते.

"अभय, बाजूला हो. माझी गाडी आहे ती!"

"काका, रांगेत या."

"अरे, माझी गाडी! आरटीओला जायचंय, तीन वाजता!"

"दुपारपासून तुम्ही पाचवे मालक. एक तर गाडीचा सख्खा भाऊ म्हणून आला होता. शेवटाला जा!"

"चावी बघ ही!"

"चावी सगळ्यांकडे असते, काका. ती बॅटरी खाली ठेवा, आत सामान अलाउड नाही."

"मग गाडी तरी बाजूला घे!"

अभयनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "गाडी हलवली तर रांग तुटेल! लोक मारतील मला!"

रांगेतली माणसं ओरडायला लागली. "ओ, मध्ये घुसू नका!" "आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत?" या प्रश्नाचं उत्तर बुद्धभूषणच्या ओठांवर आलं होतं, पण समोर दोनशे माणसं होती. तो एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं."

आणि हितेंद्र परब स्वतःच्या मोटरसायकलपर्यंत पोचण्यासाठी रांगेत उभा राहिला.

रांग बाणाच्या टोकानं गंगुबाईंच्या खोलीत शिरत होती आणि मागच्या दारानं बाहेर पडत होती. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा, तात्यांचा, हार घातलेला फोटो. पहिल्या बाईनं दुसरं काही दिसेना म्हणून तात्यांनाच नमस्कार केला, मागच्यांनी तिचं बघून केला. तात्यांनी गिरणीत तीस वर्षं हाडं झिजवली. गिरणी बंद झाली तेव्हा कुणी साधा हातसुद्धा जोडला नाही. तिथे टॉवर उभा राहिला. आज त्या टॉवरमधली दोन माणसंही रांगेत होती! गंगुबाईंनी पहिल्या बाईच्या हातावर उन्हाची म्हणून चिमूटभर साखर ठेवली होती. ते महागात पडलं.

हितेंद्र नाक्यावर वळला तेव्हा गंगुबाईंच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. "मेल्यांनो, साखर संपली, माणसा संपनत नाय! कोणी लावलो तो बाण?"

हितेंद्रनं मान खाली घातली.

तीन वाजले. चार वाजले. मागचे एक आजोबा त्याला समजावत होते, "घाई करू नका. मनातलं एकच मागा. पावतो म्हणतात."

"कोण पावतो?"

"ते पुढे गेल्यावर कळेल."

पाच वाजून दहा मिनिटांनी हितेंद्र गाडीपाशी पोचला. सीटवर सात नारळ, आरशाला हार. आरटीओ दहा मिनिटांपूर्वी बंद झालेलं. त्यानं ऐरावताच्या टाकीवर हात ठेवला.

"गाडीला हात लावू नका, पुढे चला!" शिट्टी वाजली.

तेवढ्यात मागच्या दारानं बाहेर पडलेली मेघना वळसा घालून पुढे आली. हातात चिमूटभर साखर.

"तू? तू कशाला उभी होतीस?"

"मिरच्या दळायला निघाले होते. सगळे उभे होते म्हणून उभी राहिले." तिनं गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "अहो, त्या नारळांखाली आपली म्हसच होती? आणि तपासणी?"

"चुकली," हितेंद्र म्हणाला. "तू आत मागितलंस काय?"

मेघना साखर तोंडात टाकत म्हणाली, "म्हस जाऊ दे, म्हटलं."

हे अभयनं ऐकलं. त्याच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. "पावला!" तो किंचाळला. "बाहेर पडायच्या आत पावला!" आणि ती बातमी रांगेच्या शेवटापर्यंत अशी गेली की शेवटच पुढच्या नाक्यावर सरकला.

शनिवारी सकाळी भंगारवाला आला. मंडळानं त्याला आदरानं वाट करून दिली, पण बाण उतरवून घेतले. डावा गंगुबाईंच्या दारावर लागला. हितेंद्रनं आणलेली नवी बॅटरी त्यालाच जोडली.

रविवारी सकाळी बाण तपासायला बुद्धभूषण आला, तर रांगेत चाळिसावा हितेंद्र.

"तू? तुला माहीत आहे ना आत काय आहे? तात्या आहेत, हितू! लहानपणी क्रिकेटचा चेंडू परत देत नव्हते, ते!"

"माहीत आहे."

"मग?"

"मेघनाचं ऐकलं ना त्यांनी?" हितेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. "गाडी परत मागून बघतो. आणि बाजूला हो, मध्ये घुसतोयस असं वाटेल लोकांना."