अकरा सागांचा केशरी रंग

तेजस्विनीने सागांवर खुणा केल्या त्या अगदी शास्त्रशुद्ध. हरसूलजवळच्या वडिलांच्या बागेत सागाची झाडं एकमेकांच्या अंगावर रेलून वाढली होती. त्यातली थोडी काढली तर बाकीची चांगली भरतील, असं तिची वनस्पतीशास्त्राची पदवी सांगत होती. वडिलांना, म्हणजे खंडेरावांना, मात्र ती जागा रिसॉर्टवाल्या धनराजशेठला देऊन मोकळं व्हायचं होतं.

"शनिवारी ट्रॅक्टरभर लाकूड बाहेर काढून दाखव, तेजू. मग बाग तुझी. नाहीतर रविवारी शेठ येतोय."

तिने अकरा झाडं निवडून प्रत्येकाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला ठसठशीत गोल काढला. द्वारका चौकातल्या रंगाच्या दुकानात लाल रंग संपला होता, म्हणून केशरी. वनखात्याची परवानगीही तशीच आली: फक्त केशरी खुणेची झाडं तोडावीत.

शनिवारी झाडं तोडणारा सोमा ट्रॅक्टर, करवत आणि साखळदंड घेऊन आला. पहिल्याच बुंध्याशी फोडलेला नारळ पडला होता. सोमाने करवत खाली ठेवली आणि चपला काढल्या.

"ताई, ह्यो तर शेंदूर लावलेला वाघदेव हाय."

"सोमादादा, तो ऑइलपेंट आहे. मी लावलाय."

"मंग तुमच्या हातून लावून घेतला त्यानं."

तेजस्विनी तरातरा पुढे गेली. पुढच्या झाडाला हळदकुंकू होतं, त्याच्या पुढच्याला उदबत्ती. शेजारच्या मळ्यातल्या लंकाबाई शेळ्या हाकत आल्या.

"माझी शेळी गायब हुती. बिबट्यानं नेली म्हणून रडून बी झालं. अन् ह्या झाडाखाली चरताना घावली!"

"मावशी, रंग लागला आणि शेळी सापडली, म्हणजे रंगामुळे सापडली असं होत नाही."

"मंग तू शोधलीस का?"

तेजस्विनीने सोमाकडे मोर्चा वळवला. "बरं, बिनरंगाची तोडा."

"परवानगी रंगाच्याच झाडांची हाय ना? पकडलं तर मी आत."

ज्यांची तोडायची परवानगी होती ती सगळी देव झालेली, आणि देव न झालेल्यांना हात लावायची सोय नाही. शेवटी ती चिंधी आणि थिनर घेऊन एक गोल पुसायला बसली. रंग निघाला नाही. वरची धूळ तेवढी गेली आणि गोल नवा असल्यासारखा लखलखला.

"पोरीनं देवाला आंघोळ घातली गं!" लंकाबाई ओरडल्या. अर्ध्या तासात वस्तीवरच्या बायका आरतीची ताटं घेऊन हजर झाल्या. दुपारी ट्रॅक्टर बागेतून बाहेर पडला तो भरूनच, पण लाकडाने नव्हे. आरतीला आलेल्या म्हाताऱ्या त्यात बसून घरी निघाल्या होत्या.

रविवारी धनराजशेठ पांढरे बूट घालून आले. खंडेराव हद्द दाखवत होते. तेजस्विनी मान खाली घालून मागे चालत होती. पहिला केशरी गोल दिसताच शेठ थबकले. दुसऱ्या गोलापाशी बूट निघाले. तिसऱ्यापाशी त्यांनी हात जोडले.

"खंडेराव, आधी बोलायचं ना राव! इथं स्विमिंग पूल खोदू मी? मागं एका म्हसोबाला जरासा बाजूला सरकवला, तर तो प्रोजेक्ट आजवर उभा नाही राहिला."

बूट हातातच धरून ते गाडीकडे गेले. खंडेराव लेकीकडे वळले.

"लाकूड निघालं नाही."

"नाही, बाबा."

"जागाही आता कोणी घेणार नाही."

"तसंच दिसतंय."

"मग काय, सांभाळ तूच," ते पुटपुटले, आणि कोणी बघत नाही असं वाटून त्यांनीही एका सागाला हळूच नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात द्वारका चौकातला दुकानदार तिला बघून खूश झाला. "ताई, लाल आलाय बरं का! त्या दिवशी तुम्हाला हवा होता."

बागेच्या पलीकडच्या टोकाला एक बिल्डर परवा टेप घेऊन फिरताना दिसला होता. तेजस्विनीने क्षणभर विचार केला.

"नको, केशरीच द्या," ती म्हणाली. "या वेळी मोठा डबा."