अण्णांचे गॅसवाले शॉकअप

आमच्या शेजारचे किसन अण्णा माणूस भेटला की आधी त्याचं वजन विचारतात. रामराम नाही, कुठं निघालात नाही, थेट "सर, वजन किती हाय तुमचं?" लग्नात त्यांनी नवरदेवाला विचारलं. एका दहाव्याला तर दुःखात बसलेल्या व्याह्यालाही विचारलं, आणि त्या बिचाऱ्यानं डोळे पुसत पुसत सांगूनही टाकलं.

गावच्या नळाला पाणी सोडण्याचं काम करून अण्णा निवृत्त झाले. आता त्यांना एकच काम उरलंय, ते म्हणजे आपल्या जुन्या मोटारसायकलचे मागचे शॉकअप. चाकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगा असतात ना, तेच. स्प्रिंग किती ताठ ठेवायची हे मागं बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, म्हणून ही सगळी चौकशी.

मागं बसणार कोण, तर फक्त काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी. आणि त्याच बसायला तयार नाहीत. गेल्या वर्षी एका चतुर्थीला दोघं लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला निघाले होते. अण्णा गाडी चालवताना सतत बोलतात आणि समोर बघून बोलतात. एका खड्ड्यात गाडी आदळली, काकू उडाल्या आणि रस्त्याकडेच्या मऊ मातीत जाऊन बसल्या. अण्णा बोलत पुढं गेले. विहिरीची मोटर, धाकट्या मेहुण्याचा स्वभाव, सगळं बोलून झालं. देवळापाशी गाडी उभी करून म्हणाले, "धर, नारळ तू घे." घ्यायला कोणी नव्हतं. पाऊण तासानं काकू एका टेम्पोतून उतरल्या. खरचटलंसुद्धा नव्हतं, पण चार माणसांत त्यांनी सांगून टाकलं, "तुमच्या मागं मी आता बसणार न्हाई."

अण्णांनी सगळा दोष शॉकअपवर टाकला. "त्यातलं तेल संपलं व्हतं, सर. न्हाईतर माणूस असा उडतो व्हय?" काकू मागं बसल्याशिवाय आपणही लिंबागणेशला जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. चतुर्थी आली की काकू काळीपिवळी जीपमधून एकट्या जायच्या आणि अण्णा अंगणात गाडी पुसत बसायचे. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नसे.

आता काकूंचं वजन हवं, आणि काकू काही ते सांगेनात. मग व्यापाऱ्याकडे कापूस घालायला जाताना अण्णांनी त्यांना सोबत नेलं आणि "हे गठुडं धरून उभी ऱ्हा जरा" म्हणून काट्यावर चढवलं. गठुड्याचं वजन वजा जाता बासष्ट किलो भरलं. मग गावात बासष्ट किलोचा माणूस शोधणं सुरू झालं आणि माझं नशीब असं की तो मी निघालो.

"सर, आता तुमी काकू," अण्णा म्हणाले.

मी शाळेत मास्तर, गावात थोडीफार इज्जत असलेला. काकू दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसतात, म्हणून मलाही तसंच बसावं लागे. वर मांडीवर नारळाची पिशवी. "काकू पिशवीबिगर निघत न्हाईत, बॅलन्स बदलतो." चावडीपुढून आमची अशी फेरी निघायची. पुढच्या पालकसभेला जी गर्दी झाली, तशी मी आजवर पाहिली नव्हती.

आधी आम्ही स्प्रिंग ताठ-सैल करायच्या खाचा बदलून पाहिल्या. मग दुसऱ्या एका गाडीच्या स्प्रिंगा घातल्या. त्या इतक्या ताठ निघाल्या की मला दोन दिवस उभ्यानं शिकवावं लागलं. शेवटी अण्णा बीडहून गॅसवाले शॉकअप घेऊन आले. प्रत्येकाच्या अंगाला गॅसचं छोटं नळकांडं होतं. अण्णांनी ताबडतोब गाडी चुलीपासून लांब नेली आणि बिडी ओढणाऱ्यांना दहा हातांवर थांबवलं. समोरचे बाबूराव येऊन "गॅस संपल्यावर नंबर कुठं लावायचा?" विचारून गेले. ते अण्णांनाही माहीत नव्हतं, आणि त्या काळजीनं ते दुपारी जेवले नाहीत.

नवे शॉकअप बसवून आम्ही निघालो. पोटातलं पाणी हलत नव्हतं. अण्णा खुशीत येऊन बोलायला लागले. वाटेत शेळ्या आडव्या आल्या, गाडी थांबली, माझी चप्पल निसटली. ती घ्यायला मी उतरलो. चप्पल पायात सरकवून वर बघतो तर अण्णा निघालेले. "काय सर, झटका बसतो का?" एवढं लांबून ऐकू आलं.

मी एका दगडावर बसून पोटभर हसलो. बऱ्याच वेळानं अण्णा परत आले. चांगली थट्टा करायची म्हणून मी तयार होतो, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"सर, तवाबी असंच झालतं," ते म्हणाले. "शॉकअपचं काय न्हवतं. मागं माणूस हाय का न्हाई, ह्याचं मला ध्यानच नसतं. ती असली तरी मी बोलतो, नसली तरी बोलतो. ती काहून रुसली, ते आज कळलं बघा."

वर्षभर मी ह्या माणसाला हसत आलो होतो. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गॅसवाले काढून पुन्हा जुने शॉकअप बसवत होते. काकू ओट्यावर गहू निवडत होत्या.

"आता हे काहून काढले? लई भारी हायत म्हणत व्हता ना?"

अण्णा मान खाली घालून नट आवळत होते. "त्याच्यात तू मागं हायस का न्हाई, ते समजत न्हाई. ह्याच्यात समजतं. ध्यान दिलं तर."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. आत गेल्या, साडी बदलून, पिशवी घेऊन आल्या आणि गाडीवर बसल्या. त्या दिवशी चतुर्थी नव्हती, मंगळवारसुद्धा नव्हता.

संध्याकाळी मी काकूंना विचारलं, झटके बसले का म्हणून.

"बसले की," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी तोंड उघडलं न्हाई. दर खड्ड्याला मागं हात लावून बघत व्हते. सगळ्या वाटंनं मीच बोलत गेलते."