तामोरे खात्री करून येतात

डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. स्थळ : पालघर, आमच्या कार्यालयाचं वरच्या मजल्यावरचं सभागृह. हजर : निरीक्षक दोन, उपनिरीक्षक पाच, अंमलदार एकवीस, मुंबईहून आलेल्या प्रशिक्षक सबनीस मॅडम, आणि हजेरीपट घेऊन मी. गैरहजर : प्रोजेक्टरची वायर.

सतराव्या नावाला हजेरी अडली. सहायक फौजदार हरिश्चंद्र तामोरे उभे राहिले, पण ‘हजर’ म्हणाले नाहीत. सरळ चालत पुढे गेले, सबनीस मॅडमना कडक सॅल्यूट केला आणि म्हणाले, “मॅडम, ओळखपत्र बघू.”

सबनीस मॅडम हुद्द्याने तामोरेंपेक्षा इतक्या वर की मधल्या पायऱ्या मोजायला मला बोटं पुरली नसती. त्यांनी शांतपणे कार्ड दिलं. तामोरेंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, मॅडमच्या चेहऱ्याशेजारी धरलं.

“फोटोत चष्मा नाय.”

“नंतर लागला.”

“कदी?”

“तामोरे, खाली बसा!” निरीक्षक मागून ओरडले.

“बसतो सायेब. खात्री झाली.” मग माझ्याकडे वळून, “सतरा नंबर हजर. लिवा.”

मी लिहिलं. मी या कार्यालयात लिपिक आहे. याद्या करणं हे माझं काम आहे, आणि खरं सांगायचं तर आवडही. घरी फ्रिजवर यादी असते, पर्समध्ये यादी असते आणि कुठली यादी कुठे आहे याची एक वेगळी यादी असते. त्यामुळे तामोरेंचा मला इतरांइतका त्रास होत नाही. ते माझ्यासारखेच आहेत, फक्त मी कागदावर खूण करते आणि ते ती खूण खरी आहे का हे बघायला मोटारसायकल काढतात.

तामोरे मूळचे किनाऱ्यावरच्या दातिवऱ्याचे, नोकरी सध्या बोईसरकडच्या एका ठाण्यात. ठाणं बदललं तरी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पासपोर्टची पडताळणी आहे, म्हणजे अर्ज करणारा माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का हे बघणं. बाकीचे अर्जदाराला ठाण्यावर बोलावतात. तामोरे त्याच्या घरी जातात, मग शेजारी जातात, मग मागच्या आळीत जातात. “कागद बोलतो ते ठीक हाय,” ते म्हणतात, “शेजारी काय बोलतो?” पालघरजवळच्या माहीमचे एक निवृत्त मास्तर चाळीस वर्षं एकाच घरात राहिलेले. तामोरेंनी नाक्यावरच्या मासळीवालीला विचारलं. ती म्हणाली, “हा मास्तर? रोज येऊन घासाघीस करतो मेला. हितलाच हाय.” अहवालात तामोरेंनी लिहिलं, ‘अर्जदार नित्यनेमाने मासळीची घासाघीस करतो, सबब कायमचा रहिवासी.’ तो अहवाल माझ्या टेबलावरून वर गेला आणि मंजूर होऊन आला.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना दिली, तर दुसऱ्याच दिवशी ते हॉलवर जाऊन आले. “मॅडम, त्या तारखेला तिथं आनखी एक नवरी हाय.” मी रागावले. मग हॉलवर फोन केला. होती. दुपारच्या आत आम्ही दुसरा हॉल धरला. तेव्हापासून त्यांची टिंगल करणाऱ्यांत मी नसते.

आणखी एक गोष्ट. दाराला कुलूप दिसलं की पोलीस ‘पत्त्यावर आढळले नाही’ एवढं लिहून मोकळे होतात. तामोरेंनी हे वाक्य माझ्या पाहण्यात कधी लिहिलेलं नाही. वैतरणा स्टेशनापलीकडच्या एका घरी ते अकरा वेळा गेले. अकराव्या वेळी दार उघडलं. घरातला माणूस म्हणाला, मी पासपोर्टचा विचार सोडून दिला. “हरकत नाय,” तामोरे म्हणाले, “पन तुमी हाय, हे नक्की झालं.”

तर, तो मंगळवार. परिपत्रकातला विषय असा होता : ‘परकीय शासनयंत्रणांकडून देशांतरित समुदायांवर होणाऱ्या धाकदपटशास प्रतिबंध.’ सबनीस मॅडमनी तो साध्या शब्दांत सांगितला. काही माणसं आपल्या देशातून जीव वाचवून निघून येतात, दुसऱ्या देशात पोट भरतात. मागचं सरकार त्यांना सोडत नाही. मारहाण होत नाही, नुसता फोन येतो. आई बरी आहे ना? बरी राहायला हवी असेल तर तुमच्यातले कोण कोण कुठे जमतात ते सांगा. असा फोन आलेली एखादी बाई ठाण्यात आली तर आपल्या कागदावर काय उमटतं? कुणीतरी फोन करून आईची चौकशी केली. गुन्हा कुठला?

तामोरेंचा हात वर. “मॅडम, हा फोन करनारा कुठल्या हद्दीतला?”

“परदेशातला.”

“पन फोन वाजला बोईसरला?”

“समजा, हो.”

“मग हद्द आमची. परवानगी घेतली होती का त्यानी?”

लोक हसले. सबनीस मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं : ‘फोन जिथे वाजला ती हद्द आपली.’ तामोरे खाली बसले आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

पुरी-भाजी-जिलेबीनंतर सराव होता. सबनीस मॅडम तक्रारदार बाई झाल्या आणि तामोरे ठाणे अंमलदार. तामोरेंनी सुरुवात झकास केली. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता : “जेवलात का?” मग फोन कधी आला, किती वाजता, कुठल्या नंबरावरून, सगळं क्रमाने घेतलं. शेवटी पेन खिशाला लावत म्हणाले, “तुमी आता निवांत रावा. मी तुमच्या देशाच्या वकिलातीला पत्र लिवतो. तुमी खऱ्या त्याच बाई का, ते इचारतो. खात्री झाली की तपास चालू.”

“संपलं,” सबनीस मॅडम म्हणाल्या. “ज्यांच्यापासून मी लपते आहे, त्यांनाच तुम्ही माझं नाव, माझा फोटो आणि माझा बोईसरचा पत्ता कळवलात. आता मला फोन येणार नाही, तामोरे. माझ्या आईच्या दारात माणूस जाईल.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तामोरे खुर्ची जागेवर न लावता माझ्या टेबलाशी आले आणि वाकून हळूच म्हणाले, “मॅडम, जावक रजिस्टर कुठं हाय?”

तीन आठवड्यांपूर्वी खरीच एक बाई त्यांच्याकडे येऊन गेली होती. हिवाळ्यात बोईसरला तारापूरच्या रस्त्यावर स्वेटरची दुकानं लागतात, त्यातलं एक या बाईंचं. बोईसरला थंडी अशी दहा-बारा सकाळीच असते. पण कारखान्यांतली उत्तरेकडची माणसं गावी जाताना स्वेटर नेतात, त्यावर यांचा हंगाम निघतो. बाईंचा देश मी इथे लिहीत नाही, नावही नाही. त्यांना असेच फोन येत होते. तामोरेंनी तक्रार घेतली, बाईंची खोली, दुकान, शेजार सगळं बघून आले, आणि वकिलातीला सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. सोबत फोटो. ते आमच्या कार्यालयात आलं, पन्नास कागदांच्या गठ्ठ्यात त्यावर सही झाली आणि ते माझ्याकडे आलं. मी कागद पडून राहू देत नाही.

“गेलं,” मी म्हटलं. “आज सकाळी दहाला. स्पीड पोस्टाने.”

माझ्या यादीत त्यापुढे बरोबरची खूण होती. आपण केलेल्या खुणेची लाज वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

पत्र परत मागवायला पाठवणाऱ्या कार्यालयाचं माणूस लागतं, म्हणून मी तामोरेंच्या मोटारसायकलवर मागे बसून टपाल कार्यालयात गेले. खिडकीवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. अर्ज हवा. मी तिथेच लिहिला. पावती हवी. होती. ओळखपत्र हवं. तामोरेंनी दिलं.

“फोटोत मिशी आहे,” मुलगी म्हणाली.

“काडली.”

“कधी?”

तामोरेंनी तारीख सांगितली. मुलीने कार्यालयाला फोन करून विचारायचं ठरवलं. फोन वाजत राहिला; वाजणारच, कारण तो माझ्या टेबलावर असतो आणि मी इथे उभी. मी म्हटलं, आमच्या निरीक्षकांच्या मोबाइलवर लावा. ती म्हणाली, “मोबाइल कुणीही उचलेल. मला कार्यालयाचाच लागेल. पण थैली साडेपाचला जाते हं.” पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

“अहो, एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे,” मी म्हटलं.

“गप ऱ्हावा मॅडम,” तामोरे म्हणाले. “बरोबर करते पोरगी. मी पन दिलं नसतं.”

आम्ही बाकावर बसलो. मुलगी दर दोन मिनिटांनी नंबर फिरवत होती. तामोरे पुढे बघत बोलायला लागले, हवामान सांगावं तसे.

“माजा धाकला भाऊस गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. पान्यात हद्द काय दिसते? पलीकडच्यांनी बोट धरली. जेलात टाकला. सोडायचा तर हितून कागद लागतो, की हा मानूस आमचाच हाय म्हनून. तो कागद खात्रीसाठी गावात आला. आय वाकट्यांची मासळी सुकवायला किनाऱ्यावर गेल्ती. हवालदारानी कुलूप बगितलं, आन लिवलं. पत्त्यावर आडळले नाय.”

“मग?”

“पुडचा कागद यायला दोन वर्सं गेली. शेवटी तिकडल्या आपल्या वकिलातीत पत्र गेलं तवा सुटला. आय त्याच्या आदीच गेली. म्हनून मला वाटायचं, वकिलातीला पत्र लिवलं की मानूस सुटतो.”

सव्वापाचला आमचा फोन उचलला गेला. वर्गातली दोन माणसं कमी झालेली बघून सबनीस मॅडम शोधत माझ्या टेबलाशी आल्या होत्या. मुलीने त्यांना चार प्रश्न विचारले, त्यांनी चारही उत्तरं दिली. थैलीचं तोंड सोडलं गेलं. पत्र आमच्या हातात आलं तेव्हा तामोरेंनी पत्ता वाचला, चिकटवलेली बाजू बघितली, आणि मुलीला सॅल्यूट केला. ती गोंधळली.

सरकारी कागद फाडता येत नाही. जावक रजिस्टरात ‘परत मागवले’ अशी नोंद घेतली. कारणाच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं. “माजी चूक,” तामोरे म्हणाले. मी ‘प्रशासकीय कारणास्तव’ लिहिलं.

सबनीस मॅडमनी त्यांना काम दिलं : प्रत्येक फोनची नोंद ठेवा, आणि बाईंना एकटं वाटू देऊ नका. दुसरा भाग कसा करायचा हे परिपत्रकात नव्हतं. तामोरे ड्यूटी संपली की वर्दीतच स्वेटरच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसायला लागले. चार दिवसांत बाई हात जोडून म्हणाल्या, “साहब, आप वर्दी में बैठोगे तो ग्राहक कैसे आएगा?” पाचव्या दिवशी ते साध्या कपड्यांत आले, आणि गिऱ्हाईक वाटावं म्हणून एक स्वेटर घालून बसले. जानेवारीत फाइल तपासायला मी बोईसरला गेले तेव्हा ऐन दुपारी लोकरी कानटोपी, मरून स्वेटर, घामाने डबडबलेले, आणि समोरच्या बिहारी कामगाराला सांगताहेत, “पक्का ऊन है. मैं खुद जाके लुधियाना में बगा.” लुधियान्याला ते कधी गेले नव्हते. तामोरेंच्या तोंडून न बघितलेल्या गोष्टीची खात्री मी पहिल्यांदा ऐकली.

मी असतानाच फोन वाजला. बाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडचा पुरुष त्यांच्या भाषेत, फार सौजन्याने बोलत होता. “पूछ रहा है, माँ की दवाई कौन लाता है,” बाई म्हणाल्या. तामोरेंनी वहीत वेळ लिहिली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, “खाना खाया?” बाईंनी नाही म्हटलं. तामोरे शेजारच्या टपरीवरून दोन वडापाव घेऊन आले आणि मला म्हणाले, “तुमाला पन आनतो मॅडम, मी दोनच मोजले.” वही मी चाळली. फोनच्या नोंदी बारा. फोन न आलेल्या दिवशीही नोंद होती : ‘आज फोन नाही. बाई जेवल्या.’ ‘आज फोन नाही. बाई थोडं हसल्या.’ ‘आज फोन नाही. आईची खबर नाही.’

बारा नोंदी सबनीस मॅडमकडे गेल्या. त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं.

फेब्रुवारीत दुकानं उठली. तामोरेंनी बाईंची गाठोडी स्वतः बोईसर स्टेशनवर वाहून नेली. दुसऱ्या दिवशी पालघरला आले तेव्हा मी विचारलं, “कुठे गेल्या?”

“म्हाईत नाय.”

“गाडी कुठली होती?”

“बगितली नाय. गाडी यायच्या आदीच मी जिना उतरलो.”

मला हे खरं वाटेना. तामोरे, आणि गाडीची पाटी वाचल्याशिवाय परत?

“मला ठाऊक असलं, मॅडम,” ते म्हणाले, “आन उद्या चांगल्या कागदावर सही-शिक्का घेऊन कोनी इचारायला आला, तर मी सांगेन. मला खोटं येत नाय.” लुधियान्याची गोष्ट मी काढली नाही.

फाइल बंद करायची तर नमुन्यातला सहावा रकाना भरावा लागतो : ‘तक्रारदाराचा सध्याचा पत्ता.’ वरून दोन स्मरणपत्रं आली. दोन्ही मी तामोरेंकडे पाठवली, दोन्ही कोरी परत आली. ‘पत्त्यावर आढळले नाही’ एवढं लिहिलं तरी भागेल, असं मी सुचवून बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला.

आता ते दर सोमवारी माझ्या टेबलाशी येतात. चहा घेत नाहीत, बसत नाहीत.

“सहावा रकाना कोराच हाय ना?” विचारतात.

“बाकी आहे,” मी सांगते, आणि त्या आठवड्याच्या यादीत पुन्हा वरच्या ओळीला लिहिते : बोईसर, सहावा रकाना, भरणे.